आयेल्ट्स स्पीकिंगला 'वॉकिंग' टॉपिक आला तर काय बोलायचं? मी तर वॉकला जातच नाही

नर्स_फुलेवाडी

नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी नर्सिंग केलंय, कोल्हापुरातच एका हॉस्पिटलला मेडिकल वॉर्डला आहे. यूकेसाठी प्रयत्न चाललेत. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ९ पैकी ७ लागतात, रायटिंगला ६.५ चालतं. लिसनिंग-रीडिंगचं टेन्शन नाही, रायटिंगपण होईल असं वाटतंय, घोडं अडलंय ते स्पीकिंगवर.

स्पीकिंगचे तीन पार्ट असतात, त्यातल्या पार्ट वनला चालण्याबद्दल प्रश्न येतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलं. डू यू वॉक अ लॉट, लहानपणी चालायला जायचात का, लोकांना पार्कमध्ये चालायला का आवडतं, संधी मिळाली तर कुठं लांब चालत जायला आवडेल, असले. मी जिथं क्लास लावलाय तिथं याची छापील उत्तरं दिलीत. त्यात मी रोज पहाटे पार्कमध्ये जाते, पक्ष्यांचे आवाज ऐकते, ताजी हवा घेते, चालणं हृदयाला चांगलं असतं वगैरे वगैरे. आता नाइट करून सकाळी घरी आल्यावर कोण पार्कमध्ये जाणार सांगा? ते वाक्य तोंडातून काढतानाच मला कसंतरी होतं आणि मग पुढचं काही आठवत नाही. खरं उत्तर द्यायचं तर "नो, आय डोन्ट" एवढंच आहे. मग पाठ करून बोलू का खरं बोलू? आणि खरं बोलायचं तर दोन वाक्यांच्या पुढं न्यायचं कसं? पुढच्या महिन्यात पुण्याला परीक्षा आहे. ज्यांनी दिलीय त्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.

बावड्याची_लीड्सला

अगं तू चालत नाहीस असं कोण म्हणालं? ड्यूटीवर ड्रग ट्रॉलीपासून बेडपर्यंत, बेडपासून नर्सिंग स्टेशनपर्यंत, मधेच लॅबला सॅम्पल द्यायला, फार्मसीत इंडेंट घेऊन, लिफ्ट बंद असली की जिन्यानं, एक्स-रेला पेशंटची व्हीलचेअर ढकलत, हे सगळं काय बसून करतेस? मीपण नर्सच आहे, कसबा बावड्याची, आता लीड्सला असते. तुला विचारलंय "डू यू वॉक अ लॉट". "डू यू गो फॉर अ वॉक इन द पार्क" असं नाही विचारलेलं. तू म्हण, "येस, क्वाइट अ लॉट ॲक्चुअली, बट नॉट फॉर प्लेझर. आय ॲम अ नर्स, सो आय ॲम ऑन माय फीट फॉर मोस्ट ऑफ माय शिफ्ट. बाय द टाइम आय गेट होम, द लास्ट थिंग आय वॉन्ट टू डू इज गो फॉर अ वॉक." झालं की उत्तर. यात खोटं काय आहे? आणि हे बोलताना तुला आठवावं लागणार नाही कारण तू ते रोज जगतेस.

एक समजून घे, समोरचा माणूस तुझ्या तब्येतीचं सर्टिफिकेट देत नसतो. मार्क चार गोष्टींना असतात, चारींना सारखं वजन: न अडखळता मुद्द्याला धरून बोलणं, शब्द, व्याकरण आणि उच्चार. तू रोज चालतेस म्हणून एक मार्क जास्त आणि चालत नाहीस म्हणून एक कमी असं कुठंच नाही. "मला चालायला अजिबात आवडत नाही" हेपण उत्तम उत्तर असू शकतं, फक्त का आवडत नाही ते सांगता आलं पाहिजे.

शाहूपुरी_६वी_गल्ली

एवढा विचार कशाला करताय ताई. खोटं बोललं तरी तिथं कोण तपासायला येत नाही. माझ्या मित्राने २०-२५ टॉपिकची उत्तरं घोकली आणि पास झाला. वॉकिंगचं एक पाठ करून टाका, तेच हेल्थ, पार्क, हॉबी सगळीकडं चालतंय.

राजारामपुरी_मास्तर

मी इंग्रजी शिकवत आयुष्य काढलं, आता रिटायर झाल्यावर घरी चार-पाच मुलं येतात त्यांची स्पीकिंगची तयारी करून घेतो. वरच्या शाहूपुरीकरांचं अर्धं बरोबर आहे, खोटं कोणी तपासत नाही. पण पाठ केलेलं मात्र लगेच कळतं आणि ते कळायला फार हुशारी लागत नाही. मुलगा घोकलेलं बोलायला लागला की स्पीड एकदम वाढतो, सूर सपाट होतो, डोळे वर छताकडं जातात, आणि "इन्व्हिगोरेटिंग" सारखे शब्द एकामागोमाग पडायला लागतात. मग पुढचा साधा प्रश्न आला, कोणाबरोबर जाता, की त्याच मुलाला "विथ माय... माय..." च्या पुढं शब्द सुचत नाही. हा फरक माझ्यासारख्याला कळतो तर रोज तेच काम करणाऱ्याला कळणार नाही का? तिथं विषय बदलून दुसरंच विचारू शकतात आणि मग पाठांतराचा काही उपयोग राहत नाही.

आता ताई, तुमचे चार प्रश्न परत एकदा बघा. वरवर सगळे चालण्याचे आहेत पण प्रत्येक प्रश्न तुमच्याकडून वेगळं व्याकरण काढून घेतोय. हे क्लासच्या छापील कागदावर कुठं लिहिलेलं नसतं म्हणून सांगतो.

पहिला, तुम्ही खूप चालता का. इथं साधा वर्तमानकाळ. आपली मुलं इथं हमखास "आय ॲम डेली गोइंग" म्हणतात. "आय गो एव्हरी डे" म्हणा, किंवा "आय हार्डली एव्हर गो" म्हणा, काही हरकत नाही.

दुसरा, लहानपणी. इथं "यूज्ड टू" आणि "वुड" यायला हवं. हा प्रश्न म्हणजे आयती संधी असते आणि बहुतेक मुलं ती "येस, इन माय चाइल्डहूड आय वॉक" म्हणून घालवतात.

तिसरा, लोकांना पार्क का आवडतं. इथं स्वतःबद्दल बोलायचं नाही, लोकांबद्दल. "आय थिंक पीपल टेंड टू", "फॉर ओल्डर पीपल इट्स मोअर अबाउट मीटिंग फ्रेंड्स". सकाळी रंकाळ्याच्या पदपथावर जाऊन बघा, निम्मे लोक चालण्यापेक्षा गप्पांसाठी येतात, कठड्यावर बसूनच असतात. हे डोळ्यासमोर आणा आणि सांगा. "फ्रेश एअर" सगळेच सांगतात.

चौथा, संधी मिळाली तर. इथं "आय'ड लव्ह टू". "आय विल गो" नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलताय हे वाक्यातून दिसलं पाहिजे.

७ साठी काय लागतं तर बरीचशी वाक्यं बिनचूक हवीत, सगळी नाही, आणि सहजपणे सलग बोलता यायला हवं. पार्ट वनला एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं पुष्कळ झाली. तो सगळा भागच ४-५ मिनिटांचा असतो आणि त्यात दोन-तीन विषय उरकायचे असतात. त्यामुळं मधेच थांबवलं तर घाबरायचं नाही, ती वेळेची बाब असते.

तुमच्या लहानपणीचं एक उत्तर इथंच टाका बघू, जसं येतंय तसं. मग बघू.

नर्स_फुलेवाडी

सर, बावड्याच्या ताई, दोघांनाही मनापासून धन्यवाद. वॉर्डमधलं चालणं हे उत्तर होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लहानपणीचं लिहिते. माझं गाव राधानगरी तालुक्यात, शाळा शेजारच्या गावात होती, आम्ही चालत जायचो. मी असं बोलेन:

"व्हेन आय वॉज चाइल्ड, आय वॉज गोइंग टू स्कूल बाय वॉक विथ माय कझिन सिस्टर. दॅट टाइम ट्रॅक्टर वॉज कमिंग विथ शुगरकेन अँड वी वेअर टेकिंग वन शुगरकेन फ्रॉम बॅक साइड. ड्रायव्हर वॉज शाउटिंग. इट वॉज व्हेरी एन्जॉय."

उसाचं सांगितलं तर चालेल का? का बालिश वाटेल?

राजारामपुरी_मास्तर

चालेल काय, हेच सांगा. छापील उत्तरातल्या पक्ष्यांपेक्षा हा ट्रॅक्टर शंभर पटीनं चांगला आहे. उसाची ट्रॉली हळू चाललेली असते, मागं वाढं लोंबत असतात, पोरं पळत जाऊन एक कांडं ओढतात, हे ज्यानं केलंय तोच सांगू शकतो. आता फक्त इंग्रजी नीट करू.

"व्हेन आय वॉज अ चाइल्ड, आय यूज्ड टू वॉक टू स्कूल विथ माय कझिन. इट वॉज इन द नेक्स्ट व्हिलेज. ड्युरिंग द हार्वेस्ट, ट्रॅक्टर्स लोडेड विथ शुगरकेन वुड गो पास्ट अस, अँड वी'ड रन बिहाइंड अँड पुल अ स्टिक आउट. द ड्रायव्हर वुड शाउट ॲट अस, बट ही नेव्हर ॲक्चुअली स्टॉप्ड."

बघा, एकही अवघड शब्द नाही. "बाय वॉक" काढलं, "वॉक टू स्कूल" पुरतं, नाहीतर "ऑन फूट". "कझिन सिस्टर" म्हणायची गरज नाही, नुसतं "कझिन". "बॅक साइड" तर अजिबात नको. "व्हेरी एन्जॉय" ऐवजी "वी रिअली एन्जॉइड इट". आणि "वॉज गोइंग, वॉज कमिंग" हे आपण मराठीतल्या "जात होतो, येत होता" वरून आणतो, रोजच्या सवयीसाठी ते नको.

उच्चाराचं एक. "वॉक" आणि "वर्क" वेगळे ऐकू आले पाहिजेत. पहिल्यात एल चा उच्चार नाही आणि ऑ लांब आहे. तुमच्या बाबतीत तर "आय वॉक इन द हॉस्पिटल" आणि "आय वर्क इन द हॉस्पिटल" दोन्ही खरं, त्यामुळं ऐकणाऱ्याला अंदाजानं पण कळणार नाही. भूतकाळाचं "वॉक्ट" म्हणायचं, "वॉकेड" नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर आपलं आपल्याला बरोबरच वाटतं.

खेटेवाला

मास्तरांनी पार्ट वनचं सांगितलं, मी पार्ट टूचं सांगतो कारण मला तिथं लांब चालल्याचा अनुभव सांगा असं कार्ड आलं तर काय हे लई जण विचारतात. ताई तुम्ही कोल्हापुरात राहताय, चालण्याचा विषय आपल्याला कमी पडायचा नाही बघा. माघात रविवारी जोतिबाच्या खेट्याला, म्हणजे डोंगरावरच्या देवळाला चालत, गेलाय का कधी? गेला असाल तर दुसरं काय शोधायची गरजच नाही.

कार्ड हातात दिल्यावर १ मिनिट मिळतं, कागद पेन्सिल देतात, मग १ ते २ मिनिटं एकटं बोलायचं असतं. दोन मिनिटं लई मोठी वाटतात पण खेटा सांगायला बसलं तर पुरत नाहीत. अंधारात निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा, पंचगंगेवरनं गार वारं येतंय, वडणग्याकडनं पुढं कुशिरं, मग गायमुखापासनं चढ लागतो. कोण अनवाणी असतंय, कोणाच्या खांद्यावर पोरगं असतंय, वाटेत लोक चहा देतात, पैसे घेत नाहीत. मागनं कोणतरी चांगभलं म्हणतंय आणि पुढचे सगळे ओरडतात. वर पोचल्यावर गुलालात देऊळ. ह्यातलं तीन गोष्टी जरी नीट सांगितल्या तरी वेळ भरतोय.

फक्त एक करा, समोरच्याला जोतिबा म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा. "इट्स अ हिल टेम्पल नॉट फार फ्रॉम माय सिटी, अँड एव्हरी विंटर थाउजंड्स ऑफ पीपल वॉक देअर अँड बॅक ऑन सन्डेज." बास. त्यापेक्षा जास्त माहिती सांगत बसू नका, नाहीतर दोन मिनिटं देवळाच्या इतिहासातच जातात आणि तुम्ही चाललाय कुठं ते राहून जातंय. कार्डवर लिहिलेलं असतंय कुठं गेला, कोणाबरोबर, कसं वाटलं, त्याच्यावर बोलायचं.

खेटा नसेल केला तर आषाढीला विठ्ठलाच्या नंदवाळला चालत गेला असाल. तेपण नसेल तर पन्हाळा ते पावनखिंड. जुलैत पावसात दोन दिवस चालत जातात, मसाई पठारावर धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. तिथं एक वाक्य इतिहासाचं चालतंय, की १६६० साली शिवाजी महाराज रात्री पन्हाळ्यावरनं निसटून ह्याच वाटेनं विशाळगडाला गेले आणि बाजीप्रभूंनी मागं खिंड अडवून धरली. पण परत आपल्या पायांवर या. चिखल, जळवा, भिजलेले बूट.

नर्स_फुलेवाडी

खेटा केलाय दादा, आईबरोबर. आईचे पाय उतरताना सुजले होते आणि मी वाटेत एका घराच्या ओट्यावर बसवून तिचे पाय वर करून ठेवले, त्या घरातल्या काकूंनी न विचारताच गरम पाणी आणून दिलं. हे सांगू का?

खेटेवाला

अहो ताई ह्याच्यापेक्षा चांगलं काय सांगणार. नर्स आहात ते पण कळतंय, आई पण आली, अनोळखी काकू पण आल्या. हेच सांगा.

बावड्याची_लीड्सला

हे वाचून मलाच भरून आलं. नक्की सांग. "हर फीट हॅड स्वोलन अप", "आय मेड हर पुट हर लेग्ज अप", हे शब्द तर तुझ्या कामातलेच आहेत. सलग बोलशील बघ.

आता पार्ट थ्री राहिलाच की. तिथं तुझ्यापासून लांब नेतात. लोक पूर्वीपेक्षा कमी का चालतात, शहरं चालणाऱ्यांसाठी चांगली कशी करता येतील, गाड्यांना बंदी असलेले रस्ते असावेत का, असं. इथंपण कोल्हापूर सोडू नकोस, फक्त उदाहरण म्हणून आण. आपल्याकडं कोपऱ्यावरनं दूध आणायलापण टू-व्हीलर काढतात. महाद्वार रोडला सणाच्या दिवसांत चालायला जागा नसते, फूटपाथवर स्टॉल आणि रस्त्यावर गाड्या. मग "इन माय सिटी" म्हणून हे सांगायचं आणि लगेच त्यातून मोठा मुद्दा काढायचा, की लोक आळशी झालेत असं नाही, चालणं अवघड करून ठेवलंय. माझं स्वतःचं मत तर हेच आहे. इकडं आल्यावर मी माझ्या आयुष्यात चालले नव्हते एवढी चालायला लागले आणि त्याचं कारण माझी इच्छाशक्ती नाही, रुंद फूटपाथ आहेत, सिग्नलला बटण दाबलं की गाड्या थांबतात.

आणि तू नर्स आहेस तर आरोग्याचा मुद्दा तुला इतरांपेक्षा चांगला मांडता येईल, पण "गुड फॉर हेल्थ" एवढ्यावर सोडू नकोस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, भरभर चालणं त्यात बसतं. दहा हजार पावलांचा आकडा विचारला तर तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून पसरला, त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजायचं यंत्र असा होता. आकडे सांगितल्याचे वेगळे मार्क नाहीत, पण बोलायला धागा मिळतो आणि धागा मिळाला की माणूस अडखळत नाही.

शाहूपुरी_६वी_गल्ली

पटलं. मित्राला फोन करून विचारलं, तो म्हणाला त्याला ६ होते स्पीकिंगला, त्याला तेवढेच पुरेसे होते. ताईंना ७ पाहिजेत म्हणजे पाठांतरावर अवलंबून राहू नका.

नर्स_फुलेवाडी

खूप खूप आभार सगळ्यांचे. आज ड्यूटीवर जाताना केएमटीच्या बसमध्ये मनातल्या मनात आईच्या खेट्याचं बोलून बघितलं, अडखळायला झालं पण थांबले नाही.

शेवटचे दोन प्रश्न. प्रश्न नीट ऐकूच आला नाही तर परत विचारलं की मार्क कापतात का? आणि "जोतिबा", "रंकाळा", "खेटा" असले शब्द इंग्रजी बोलताना तसेच वापरले तर चालतात का?

राजारामपुरी_मास्तर

परत विचारल्याचे मार्क कापत नाहीत. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन प्लीज?" असं सरळ म्हणा. न ऐकता भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कधीही बरं. प्रत्येक प्रश्नाला मात्र तसं करू नका, विचार करायला वेळ हवा असेल तर "आय हॅवन्ट रिअली थॉट अबाउट इट, बट" म्हणून सुरू करा.

गावांची, देवळांची नावं तशीच घ्या, भाषांतर करू नका. पहिल्यांदा नाव घेताना मागं चार शब्द जोडा, "रंकाळा, अ बिग लेक इन माय सिटी", नंतर नुसतं रंकाळा म्हटलं तरी चालतं. रविवारी दुपारी मोकळ्या असाल तर पाचव्या गल्लीत माझ्याकडं या, पार्ट थ्रीचं एकदा समोरासमोर बोलून घेऊ. फी वगैरे काही नाही, आईंनाही घेऊन या.

बावड्याची_लीड्सला

सरांकडं जाच. आणि पासपोर्ट आदल्या रात्रीच पर्समध्ये ठेव, रजिस्ट्रेशनला जो दिलायस तोच ओरिजिनल लागतो, झेरॉक्स चालत नाही. पुण्याला आदल्या दिवशीच जा, नाइट करून डायरेक्ट जाऊ नकोस.